ढोलीबाहेर थांबलेली मादी

रविवार, संध्याकाळ

ठाकुर्लीच्या त्या वाळलेल्या गुलमोहरात सुतार पक्ष्याचं घरटं आहे. आज बाबांना घेऊन फोटो काढायला गेलेले. मादी चोचीत अळी घेऊन आली, पण ढोलीत शिरेना. बाजूच्या फांदीवर नुसती बसून राहिली. मला वाटलं, काय मस्त पोज देतेय!

बाबा म्हणाले, "अगं, पिल्लं आत ओरडतायत. ती तुला घाबरतेय. मागे ये."

"बाबा, एकच शेवटचा," म्हणत मी तिथेच. किती वेळ ती अळी तशीच धरून बसली असेल?

शेवटी रस्त्यापर्यंत मागे आलो. ती लगेच आत गेली. ओरडणं थांबलं.

आत्ता फोटो पाहिले. सुंदर आलेत. सगळ्यांत ती थेट माझ्याकडे बघतेय. एकही कुणाला पाठवावासा वाटला नाही.