खंडित मूर्ती

कोंढा,
१४ नोव्हेंबर २०२४

चि. प्रितम,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. धान कापून झालं, चुरणा-मळणी बाकी आहे. आई बरी आहे. तू लंडनहून पाठवलेलं चित्र मिळालं.

संगमरवराच्या दोघी मायलेकी, एकमेकींना टेकून बसलेल्या. ना डोकी, ना हाताचे पंजे. कसले रे देव पाठवतोस! पण चित्राच्या पाठीमागे तू लिहिलेलं मी आईला वाचून दाखवलं: ही जुन्या ग्रीक लोकांची धान्याची देवी, तिची लेक पाताळात गेली की ती काही पिकू देत नाही, लेक परतली की शेतं हिरवी होतात. "म्हंजे धानाचीच देवी होय," म्हणत आईने चित्र थेट देव्हाऱ्यात ठेवलं.

फोनवर आई शेजारीच असते, म्हणून हे पत्र. 'आई बरी आहे' हे वर सवयीने लिहिलं गेलं. बरी नाही रे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. व्हिडिओ कॉलवर ती तुला डावीच बाजू दाखवते. "त्याले सांगू नको, धावत येईल अन् काम जाईल त्याचं," अशी शपथ घातली होती मला.

मी दमले आहे, प्रितम. तिची अंघोळ, वेणी, घास, वर माझी शाळा. परवा चिडले आणि ते चित्र देव्हाऱ्यातून उचलून सगळा राग त्यावर काढला. "खंडित मूर्ती घरात ठेवत नाहीत, आई. पवनीला नेऊन वैनगंगेत सोडते."

आईने डाव्या हाताने उजवा हात उचलून पदराखाली घेतला. "मंग मलेबी तिथंच सोडून दे, बाई."

त्यानंतर दोन दिवस तिने माझ्याकडे पाणीसुद्धा मागितलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चित्र मी परत देव्हाऱ्यात ठेवलं.

आज तिने विचारलं, "त्या देवीची पोरगी दरसाल वापस येते ना?" मी हो म्हटलं आणि शपथ मोडून लिहायला बसले. तिला तसं सांगितलंही. रागावली नाही. पेन मागितला. आधी वहीचं पान भरून डाव्या हाताने गिरवलं, मग इथे लिहिलं. शेवटचं अक्षर तिचं आहे.

तुझी दमलेली,
चंद्रकलाताई

ये