बूट काढा आधी!

बुडापेस्ट, रविवार

प्रिय गिझी,

सप्रेम नमस्कार, आणि तुझ्या उजव्या गुडघ्याची विशेष चौकशी. आठवतं का, शाळेत शनिवारी फरशीला मेण लावून झालं की जाड लोकरी नमद्याच्या सपाता घालून आपण दोघी जेवणघराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घसरत जायचो? सिस्टर बेनेडिक्टा म्हणायच्या, फरशी चमकते आहे म्हणून मी गप्प बसते. परवा ते फार आठवलं, आणि कारण असं आहे की ते सिस्टरना सांगण्यासारखं नाही.

माझी बैठकीची खोली मी दर मंगळवारी आणि गुरुवारी फिल्मवाल्यांना देते. तसल्या फिल्मा, मोठ्यांसाठीच्या. (खुर्चीत बसून वाच.) त्या नवराबायकोने आपल्याच घरी हौसेने काढल्यासारख्या दिसाव्या लागतात, म्हणून त्यांना खरंखुरं घर हवं होतं. बर्नाबाश नावाचा सभ्य मुलगा हे सगळं चालवतो. तो खरेपणासाठी फार मेहनत घेतो. मी इस्त्री केलेली चादर तो चुरगळतो, आणि कॅमेरा मुद्दाम हलवायला एक माणूस ठेवतो, त्याचा हात जात्याच स्थिर असल्यामुळे बिचाऱ्याला ते कठीण जातं. मी तेव्हा दार लावून, रेडिओ मोठा करून स्वयंपाकघरात बसते. भिंतीवरचा क्रूस आणि माझ्या देझोची तसबीर काढून माझ्याबरोबर घेते. (जन्मभर बोलावूनही हा नवरा कधी स्वयंपाकघरात बसला नाही. आता मटार सोलताना समोर असतो.)

तर पहिल्याच आठवड्यात काय झालं, विवियन आणि सिलार्द, म्हणजे त्यातले नवराबायको (खऱ्या आयुष्यात एकमेकांचे कुणी नाहीत, तिला तर त्याच्या अत्तराचा वास सोसत नाही), कामावरून घरी आल्याचं दाखवत आत शिरले. मला टाचांचा आवाज आला. गालिच्यावर! बूट घालून! मी आतूनच ओरडले, "अरे, बूट! बूट काढा आधी, गालिचा आत्ताच झटकलाय!" दोघं दचकली आणि मुकाट्याने बूट काढू लागली. तो एका पायावर लंगडी घालू लागला, तिने त्याचं कोपर धरलं, आणि दोघांना हसू फुटलं. बर्नाबाशने ते तसंच ठेवलं. बघणाऱ्यांनी म्हणे लिहून कळवलं की बाकीचं राहू द्या, पण ती आतली आई खरी आहे.

झालं! आता त्याला प्रत्येक फिल्ममध्ये आई हवी. "पिरोश्काकाकू, अगदी सहज ओरडा." गिझी, सहज ओरडायचं कसं? मी आरशासमोर सराव केला. मंगळवारी तोंड उघडलं तर नाताळच्या कार्यक्रमात कविता म्हणावी तसं बाहेर पडलं. विवियन म्हणाली, "काकू, गाडी कुठल्या फलाटावर येतेय तेही सांगून टाका." सिलार्द म्हणाला, "आम्ही इथे काय काय खोटं करतो, आणि तुम्हाला एक ओरडणं जमेना?" गुरुवारी शेवटचा प्रयत्न. नाहीतर ते तिसऱ्या मजल्यावरच्या विधवेकडे जाणार. ती जिन्यात सगळ्यांवरच ओरडते.

भाड्याचं सोड. देझो गेल्यापासून माझ्या दाराशी बुटांचा एकच जोड असतो, माझा. या दोन दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते. कॉफीला सगळे स्वयंपाकघरात येतात, विवियन तिच्या आईच्या तक्रारी सांगते, आणि त्यातलं काही कुणी पुन्हा करून दाखवायला सांगत नाही.

बाकी सर्व ठीक. मला कशाचीही गरज नाही.

तुझी,
पिरोश्का

ता. क. गुरुवारी सकाळच्या गाडीने सेगेदहून ये. किल्ली शेजाऱ्यांकडे असेल. थेट आत ये, गालिच्यावरून, बूट घालून, आणि चिखल असला तर उत्तम. तू येणार हे मला माहीत असेल, पण त्याने काही बिघडत नाही. तुझ्यावर मी शाळेपासून खरीच चिडते.

ता. क. २. सोबतच्या पार्सलमधली जर्दाळूच्या मुरंब्याची मोठी बरणी सिस्टर बेनेडिक्टांना. (विचारलं तर पिरोश्काकडे पाहुणे फार असतात म्हण, खोटं नाही.) लहान बरणी तुझ्या जावयाला. खसखशीचा रोल तुझ्या शेजारणीला, म्हणजे ती मांजर सांभाळेल आणि तुला न येण्याचं कारण उरणार नाही. लोकरीच्या सपाता तुला. त्या तिथे घालू नकोस, येताना परत घेऊन ये. इथे माझ्या दाराशी ठेवायच्या आहेत.