माझा साखरेचा खडा कोणी खाल्ला?

३ फेब्रु.
याकोबचा व्हिडिओ कॉल, इस्रायलमधल्या हैफाहून. थोरला भाऊ माझा, नव्वदीचा, ठार बहिरा. कानाचं मशीन मोज्यांच्या खणात! मी ओरडतेय, तो नुसता हसतोय. समोरचे कर्णिक धावत आले, "काकू, काय झालं?" कप्पाळ झालं! लिहून दाखवावं तर त्याला अक्षर दिसत नाही.

५ फेब्रु.
भाचीचा फोन. याकोबचं हृदय थकलंय. म्हणजे घाई करायला हवी. ऐंशी वर्षं एकच विचारतेय त्याला.
युद्धात, ज्यू म्हणून, हॉलंडात माळ्यावर लपलो होतो, आईबाबा नि आम्ही दोघं. खाली जर्मन शिपाई येऊन जात. माझ्या सहाव्या वाढदिवसाला बाबांनी कुठूनसा साखरेचा एक खडा मिळवला. रोज एकदाच चाटायचा, म्हणून उशीखाली ठेवला. तिसऱ्या दिवशी गायब! "मी नाही खाल्ला" म्हणे. लबाड मेला.

८ फेब्रु.
सूनबाई विचारते, "आई, आवाज न करता भांडायचात कसे तिथे?" अगं, हातांनी! शिंकसुद्धा गिळायची. आईबाबा तर तासन् तास हातवारे करून भांडत. कान ओढला की शपथ. दुसरा हात समोर दिसला पाहिजे, नाहीतर रद्द.
युद्धानंतर बाबांना मुंबईत नोकरी. पुढे लग्न होऊन ठाकूरद्वारच्या चाळीत आले. सासूबाई सगळ्यांना सांगत, "गुणाची हो पोर, भांडणातही तोंड उघडत नाही." हातांकडे कोण बघतंय!
...आणि मी मूर्ख, फोनवर बोंबलत बसलेय.

९ फेब्रु.
फोन मिसळणाच्या डब्याला टेकवला. तोंड बंद. गालात बोट, म्हणजे साखर. मग बोट त्याच्याकडे. म्हातारा ताडकन उठून बसला! असं काही जुंपलं आमचं की खांदे भरून आले. सूनबाई हसून बेजार. शेवटी मी कान ओढला, घे शपथ. त्याने ओढला. मग हनुवटीखाली रुमालाची गाठ मारल्यासारखं केलं.
रुमाल म्हणजे आई.

१० फेब्रु.
आई, जी आपला पाव आम्हाला द्यायची, भूक नाही अशी खूण करून. राग यायला हवा ना? रडूच येतंय सकाळपासून. चहात तीन चमचे साखर घातली. सूनबाई ओरडली, ओरडू दे.
पण याकोब एक नंबरचा थापाड्या. शपथ घेताना दुसरा हात पांघरुणात होता त्याचा. आता पुन्हा विचारू?
नकोच. एवढं तरी गोड आईच्या तोंडात गेलेलं असू दे.