चादरीवरचा खूर

उज्जैन,
सोमवार, २६ नोव्हेंबर १९५६

सौ. मंगलाताई यांस,

दत्तात्रय पारनेरकराचा नमस्कार. आपण, यजमान आणि चि. जयू खुशाल असाल. इकडे थंडीबरोबर माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, गुडघा जागा झालाय, बाकी ठीक. आमच्या दप्तरातली कपाटं नव्या राज्याच्या राजधानीला, भोपाळला, निघाली. कपाटांना कुणी मॅट्रिकचा दाखला विचारत नाही, आम्हाला विचारतात. म्हणून तर अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी तुमच्याबरोबर मॅट्रिकच्या सकाळच्या वर्गात बसतो.

गेले आठ दिवस तुमची जागा रिकामी आहे. कन्याशाळेतल्या नोकरीसाठी निबंध देणार नाही, असं तुम्ही प्रभाकर मास्तरांना कळवलंत म्हणे. मास्तर मला म्हणाले, "दत्तोपंत, तुमच्या लाल शाईनं एक मास्तरीण खाल्ली." मी म्हटलं, चुका दाखवणं गुन्हा आहे का?

तुमचा ‘माझे गाव’ हा निबंध बाकावरच राहिला होता. शनिवारी तो अक्काला वाचून दाखवला. तिला अक्षर येत नाही, पण कान तिखट. समुद्राचा परिच्छेद ऐकून म्हणाली, "ही मंगलाष्टकं कुणाच्या लग्नातली?" मग मी खोडलेला भाग वाचला. भैरवगढला नदीच्या वाळूत छापलेल्या चादरी वाळत होत्या, गायीचा एक बछडा ओल्या चादरीवरून गेला, खुराचा डाग बसला. ती चादर कुणी घेईना, म्हणून शेजारच्या, चादरी छापणाऱ्या छिपाबाईनं ती तुमच्या बाळंतपणात दिली, आणि जयू अजून त्या खुरावर बोट ठेवून झोपते. अक्का म्हणाली, "मग? पुढे?"

पुढे माझ्या हातचं होतं : ‘विषयांतर. गाळा.’ ते मी वाचलं नाही.

काल भैरवगढला जाऊन आलो. पडताळल्याशिवाय मी कशावर विश्वास ठेवत नाही, हे तुम्ही जाणताच. वाळत्या चादरीच्या चार कोपऱ्यांवर चार धोंडे, असं तुम्ही लिहिलंय. मी मोजले, आठ आहेत. कडांच्या मध्येही ठेवतात, नाहीतर वारा पोटात शिरतो. तेवढं दुरुस्त करा. बछडा राहू द्या. मी त्याचा ‘वत्स’ केला होता, पण तसलं जनावर उज्जैनात कुणी पाहिलेलं नाही. निबंध तिथूनच सुरू करा, विक्रमादित्यापासून नको. आणि जयूचं बोट आलं की थांबा, खालचं ‘धन्य ती भूमी’ काढा.

आता समुद्र. वर्गात मी तुमच्या निबंधाला चिंध्यांचं बोचकं म्हटलं, सगळे हसले, मला ते गोड लागलं. मग तुम्ही विचारलंत, "दत्तोपंत, समुद्र पाहिलाय का?" मी म्हणालो, "वाचलाय!" पुन्हा हसले. ते मात्र गोड लागलं नाही.

तो परिच्छेद घालायला मीच तुम्हाला दिला होता. माझ्या जुन्या निबंधातला, म्हणालो होतो. नेमकं सांगायचं तर १९५४च्या मॅट्रिकच्या उत्तरपत्रिकेतला. विषय हाच होता. क्षिप्रेकाठी जन्मलेल्या माणसानं पानभर लाटा लिहिल्या, आणि तो मराठीत नापास झाला. परीक्षेला कधी बसलोच नाही, असं मी वर्गात सांगतो. ते खोटं आहे. त्या दिवसांत कचेरीच्या कामानं इंदूरला गेलो होतो, अशी अक्काचीही समजूत आहे.

सोबत तुमचा मसुदा काळ्या शाईत स्वच्छ उतरवलाय. माझा समुद्र तेवढा गाळलाय, तुमचा एक शब्द बदललेला नाही, धोंडेसुद्धा चारच ठेवलेत. ते तुमचे तुम्ही आठ करा. शुक्रवारपर्यंत मुदत आहे. लाल दौत मी दप्तरातल्या शिपायाला देऊन टाकली.

हे पत्र अक्काच घेऊन येतेय. गुडघा दुखत असूनही निघाली, तिला ती चादर पाहायची आहे. पत्रात काय लिहिलंय ते ती विचारेलच. सगळं वाचून दाखवा. इंदूरचंसुद्धा.

तुमच्या शेजारच्या बाकावरचा,
एकदा नापास,
दत्तात्रय