ब्रशमधला दोरा

मंगळवार, संध्याकाळ. डोंबिवली

व्हॅक्यूमचा गोल ब्रश आज परत अडकला. सासूबाई लगेच म्हणाल्या, "तुझेच केस!" कुठले केस? रोजच्या याच बोलण्याला कंटाळून कमरेखाली पोचणारी वेणी मी दिवाळीतच कापली ना? शेवटी मशीन उलटं केलं, ब्रश काढला, कात्रीने गुंता कापला. आत पांढरा दोरा, त्याला मोगऱ्याचे सुकलेले देठ. घरात गजरा माळतात त्या एकट्या सासूबाई. दोरा नवऱ्यासमोर धरला, तर हळूच म्हणाला, "आईला सांगू नकोस हं, वाईट वाटेल तिला." आणि मी तो दोरा कचऱ्यात टाकून दिला. का? वेणी कापून आले, तेव्हा हाच हसत म्हणालेला, "बरं झालं, आता ब्रश तरी नीट फिरेल."