वाघ आला की काठी खाली

आप्पा,

आज शाळेच्या मैदानावर एका पाच वर्षांच्या पोराने माझ्या नडगीवर काठी हाणली आणि मी मटकन खाली बसले. मुद्दाम नाही मारली त्याने. गोल्फचा चेंडू टोलवायला काठी मागे नेली, मी नेमकी मागे उभी. पोर घाबरून माझ्याकडे बघत राहिलं, खांदे वर ओढून, मान आत घेऊन. मार बसणार हे ठाऊक असलेलं मूल कसं उभं राहतं ते मला लगेच ओळखता येतं, कारण मी बरीच वर्षं तशीच उभी राहिले. मी म्हटलं, "अरे, चेंडू तिकडे आहे, मी चेंडू नाही." तो फसकन हसला आणि पुन्हा खेळायला लागला. नडगीला बर्फ लावून बसले तेव्हा तुम्ही आठवलात. तुम्हाला जाऊन दहा वर्षं होत आली. तुमच्याशी मोकळेपणाने बोलले असं तुम्ही असतानाही कधी झालं नाही, तेव्हा आता लिहून तरी बघते.

तुमच्या हाताला मुळशीत सगळे भीत. तालमीत कान चुरगळलेले, मान खांद्यात रुतलेली, आणि हात असे की दार ढकललं तर बिजागरी हलायची. कुस्ती सुटली आणि त्याच सुमारास हिंजवडीकडे कंपन्या यायला लागल्या, डोंगराच्या कडेची माळरानंसुद्धा विकली जायला लागली. एकाच जमिनीचे दोन-दोन मालक निघत. मग कागद काहीही म्हणोत, ज्याचा ताबा त्याची जमीन, आणि ताबा मिळवून द्यायला तुमच्यासारखी माणसं लागत. जीपच्या सीटखाली कोयते आणि हॉकीच्या काठ्या गोणपाटात गुंडाळलेल्या असायच्या. तुम्ही बाहेर काय करून येता ते आम्हाला कोणी सांगायची गरज नव्हती. तुम्ही चपला कशा काढता त्यावरून आईला कळायचं. नीट काढल्या तर ती ताट वाढायची, भिरकावल्या तर मला मागच्या दाराने बाहेर काढायची.

एके दिवशी मी बाहेर गेले नाही. बारावी होऊन घरी होते, भाकरी थापत होते. तुम्ही आत आलात, आमटीत मीठ जास्त झालं होतं की दुसरंच काही होतं, मला आता सांगता येणार नाही. चुलीजवळची लोखंडी फुंकणी तुमच्या हातात आली आणि आईच्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज वाळकी काटकी मोडल्यासारखा असतो. मी मध्ये पडले, मला पाठीवर दोन बसल्या. आई खाली पडून म्हणत होती, "पोरीला नगं, पोरीला नगं." आणि तुम्ही फुंकणी टाकून बाहेर जाऊन ओट्यावर बसलात, एखादं जड ओझं उतरवून बसावं तसे, घामाघूम. पाठीवरचे वळ जायच्या आत मी डोंगराच्या कडेच्या रिसॉर्टवर काम धरलं. पगारापेक्षाही दिवसभर घराबाहेर राहायला मिळावं म्हणून.

तिथे पाहुण्यांसाठी गोल्फचं छोटं मैदान होतं. शनिवार-रविवारी पुण्याहून एक मॅडम पाहुण्यांच्या लहान मुलांना शिकवायला यायच्या आणि मी चेंडू गोळा करायचे. हळूहळू त्यांनी मलाही शिकवलं, उभं कसं राहायचं, खांदे कसे फिरवायचे. पण पाच-सहा वर्षांच्या मुलांपुढे खांदे आणि कोन म्हटलं की ती गवतात लोळायला लागत. मग आम्ही दोघींनी मिळून खेळ काढले. टोपलीला लाल तोंड रंगवून बेडूक केला. चेंडू ढकलून बेडकाला खाऊ घालायचं. तेलाचे रिकामे डबे एकावर एक रचायचे आणि मऊ चेंडूने पाडायचे. खराट्याने वाळकी पानं लोटायची, म्हणजे हात आपोआप झोपाळ्यासारखे हलतात. काठी घट्ट आवळू नये म्हणून मी सांगायचे, "हातात ओल्या मातीचा बैल आहे असं समजा. आवळलात तर शिंगं मोडतील." पहिल्याच आठवड्यात एका मुलाची काठी दुसऱ्याच्या भुवईला लागून भळाभळा रक्त आलं होतं. तेव्हा मी वाघाचा खेळ काढला. मी 'वाघ आला' ओरडले की काठी जिथल्या तिथे खाली टाकायची आणि चुन्याने आखलेल्या गोल घरांत पळायचं. ज्याच्या हातात काठी राहील त्याला वाघ खाणार. मुलांना गोल्फपेक्षा हाच खेळ जास्त आवडायचा.

तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "पोरान्ला काठीनं चेंडू मारायला शिकवायचं, आन् त्याचा पगार? काठी काय शिकवायची गोष्ट हाय व्हय?" आई हसली नाही, मीही नाही.

मग एका रविवारी तुम्ही मला न्यायला आलात. का आलात ते अजून कळलेलं नाही, वाटेत काम असेल. मुलांचा खेळ चालला होता आणि तुम्ही कुंपणाजवळ टायरवर बसलात. एक बारकीशी मुलगी होती, दोन शेंड्या, पुढचा दात पडलेला. ती सरळ तुमच्यापुढे जाऊन काठी धरून म्हणते, "काका, बेडकाला भूक लागलीय. तुमचा नंबर." तुम्ही उठलात. ती गुडघ्याएवढी काठी तुमच्या हातात काडीसारखी दिसत होती. तुम्ही हाणली आणि हातभर गवत मातीसकट उडालं, चेंडू जागच्या जागी. सगळी मुलं खदाखदा हसली. बाजारात तुम्हाला हसलेल्या माणसाचं काय झालं होतं ते मी पाहिलं होतं. त्याला दोघांनी उचलून न्यावं लागलं होतं. मी पुढे धावणार तोच ती मुलगी तुमची बोटं एकेक करून सोडवायला लागली. "एवढं घट्ट नाही धरायचं, काका. शिंगं मोडतात." आणि तुम्ही बोटं सोडवू दिलीत. पुन्हा वाकलात. चेंडू घरंगळत जाऊन बेडकाच्या तोंडात पडला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. घरी येताना तुम्ही जीप सावकाश चालवत होतात. मग म्हणालात, "ती बारकी मला दम देत हुती गं." तुम्ही हसत होतात. मला वाटलं, आता काहीतरी बदलेल. दुसऱ्याच दिवशी सकाळी तुम्ही चहाचा कप आईच्या तोंडावर फेकलात.

पुढच्या मे महिन्यात रिसॉर्टने मुलांचं सुट्टीचं शिबिर ठेवलं. रोज सकाळी मुलं यायची, ती बारकीही होती. मैदानाच्या खालच्या अंगाची जमीन दोन भावांनी दोघांना विकली आहे अशी कुजबुज होती, पण मी लक्ष दिलं नव्हतं. आमच्या घरात ती कुजबुज रोजचीच होती. मंगळवार होता. मॅडम पुण्यात होत्या, मैदानावर मी एकटी. मुलं डबे पाडत होती. खालून दोन जीपा चढताना दिसल्या आणि पहिली जीप मी लगेच ओळखली.

कुंपण पाडायला त्यांना फार वेळ लागला नाही. जीपने खांब आडवे केले, माणसं उतरली, गज, कोयते, हॉकीच्या काठ्या. वॉचमन हात जोडत पुढे गेला आणि कोणीतरी त्याच्या गुडघ्यावर गज मारला. तो ओरडला ते ऐकून माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "वाघ आला! वाघ आला!" मुलांनी काठ्या टाकल्या आणि हसत, किंचाळत चुन्याच्या घरांकडे पळाली. त्यांना वाटलं खेळच आहे. पलीकडे वॉचमनला लाथा बसतायत आणि इकडे मुलं एकमेकांना ढकलत गोलात उभी राहून हसतायत. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

एकटी ती बारकी पळाली नाही. तिचा चेंडू बेडकाच्या अगदी तोंडाशी होता, तिला तो आत घालायचा होता. तुमचा उजवा हात म्हणवून घेणारा एक गडी डबे उडवत, रिसॉर्टचे बोर्ड फोडत तिच्यापर्यंत आला होता. त्याने मोठ्या पाहुण्यांच्या गोल्फच्या पिशवीतली लोखंडी टोकाची काठी उपसली होती. ती त्याला म्हणते, "काका, वाघ आलाय. काठी खाली ठेवा." त्याने काठी वर उचलली. मारायला उचलली की घाबरवायला, मला आजही माहीत नाही. मी धावत होते, पण मी लांब होते.

तुम्ही जवळ होतात. तुम्ही त्याची काठी वरच्या वर धरलीत, हिसकावलीत, आणि त्याच काठीने त्याला मारायला सुरुवात केलीत. पहिला फटका जबड्यावर. दात गवतात पडलेले मी पाहिले. तो खाली पडला, त्याने दोन्ही हात वर केले, तुम्ही त्या हातांवर मारलंत. तो पालथा झाला, तुम्ही पाठीवर मारलंत. तुमचीच माणसं "आप्पा, आप्पा" करत लांब सरकली. मी मुलीला मागे ओढलं, तिचं तोंड माझ्या पोटाशी दाबलं, पण ती मान वळवून बघतच होती. "बास, आप्पा! हितं नको! मरंल तो!" मी ओरडत होते, तुम्हाला ऐकू येत नव्हतं. मी तिला सोडून तुमच्या हाताला लोंबकळले आणि तुम्ही मला चिलटासारखं झटकलंत. मी डब्यांवर जाऊन आपटले, कपाळ फुटलं. त्या खडखडाटाने तुम्ही मान वर केलीत.

मुलं आपापल्या गोलात उभी होती. कोणी हसत नव्हतं. काहींनी कान झाकले होते, एकाची चड्डी ओली झाली होती. एकही मूल रेषेच्या बाहेर आलं नव्हतं. तुम्ही त्यांच्याकडे बघितलंत, मग माझ्याकडे, आणि हळू आवाजात विचारलंत, "पोरं हितं कशी काय? आज वार कोनता?"

"सुट्टी हाय, आप्पा," मी म्हटलं. "मे महिना हाय."

त्या दिवशी तुम्ही घरी आलात आणि स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून बसलात. आई तुमच्याकडे न बघता चूल पेटवत होती. माझ्या कपाळाला हळद होती, डोळ्यावर सूज उतरली होती. तुम्ही विचारलंत, "ती बारकी भ्याली का गं?"

"व्हय."

"त्याला?"

"न्हाई, आप्पा. तुमाला."

तुम्ही हात मांडीवर उताणे ठेवून बसून राहिलात. खरं सांगायचं तर त्या मुलीने दोघांपैकी कोणाला जास्त भ्यायचं हे मलाही ठरवता आलेलं नाही. तुम्ही मध्ये पडला नसतात तर कदाचित तिचं डोकं फुटलं असतं. पण त्या माणसाला तिथे घेऊन कोण आलं होतं? ही दोन वाक्यं मी एवढी वर्षं शेजारी ठेवून बघते आहे. ती एकमेकांना खोडत नाहीत.

शिबिर त्याच दिवशी बंद झालं. पालक गाड्या घेऊन आले आणि मुलांना उचलून घेऊन गेले. तो गडी जगला, पण त्याला पुन्हा नीट बोलता आलं नाही. त्याच्या भावांनी वाट बघितली. पावसाळा सरत आला असताना ताम्हिणीच्या रस्त्यावरच्या धाब्यावर तुम्ही चहा पीत बसला होतात, आणि ते कोयते घेऊन आले. त्यांच्यातले दोघे तुमच्याच जीपमधले होते. ओळख पटवायला मी गेले. चेहऱ्यावरून पटली नाही, चुरगळलेल्या कानावरून पटली. तुमचे दोन्ही हात वार अडवून अडवून असे झाले होते की पोलिसाने मला तिकडे बघू दिलं नाही. आई रडली नाही. पाहुणे उठून गेल्यावर तिने स्वयंपाकघर धुवायला काढलं, भिंतीसुद्धा धुतल्या, आणि मोडून वाकडं जुळलेलं मनगट चोळत म्हणाली, "सुटले." तुम्ही की ती, हे मी विचारलं नाही.

मधे काही वर्षं मी काठीला हात लावला नाही. मग लवळ्याच्या बाजूला एका शाळेत लहान मुलांना खेळ शिकवायला बाई हवी होती, मॅडमनी माझं नाव सुचवलं. पहिल्या दिवशी जड काठ्यांची पिशवी उघडली आणि तशीच पुन्हा बंद केली. आता बरं चाललं आहे. डबे आहेत, बेडूक आहे, खराटा आहे. वाघाचा खेळ मात्र मी बदलला, मुलांना सांगते 'पाऊस आला'. तीही तितक्याच वेगाने पळतात. कोणी काठी फेकली तरी मी मारत नाही, ओरडतेही कमी. कधी कधी हात उचलला जातो आणि अर्ध्यावर थांबतो. तो हात तुमचा आहे, रुंद, आखूड बोटांचा. मुलं त्याला धरून रस्ता ओलांडतात.

हे कागद फाडून टाकीन, कारण पाठवायचे कुठे. आई आतून विचारते आहे, एवढं काय लिहितीस. शाळेचं, म्हणते मी. मला तुमची आठवण येते, एवढं एक वाक्य मला तिच्यासमोर अजून बोलता आलेलं नाही.