कुबिनच्या पट्ट्यावरचा मंगळवार

ओल्शानित्सा, नोवी तार्गच्या वर
शुक्रवार, १४ फेब्रुवारी

प्रिय रेगिना,

अनेक आशीर्वाद. तुझी प्रकृती उत्तम असेल आणि शिकागोतील थंडी आमच्या थंडीपेक्षा सुसह्य असेल, अशी आशा करतो. अक्षर पाहून हे पत्र दुसऱ्याच कुणाचे आहे असे तुला वाटेल. उजवा हात प्लास्टरमध्ये असल्यामुळे डाव्या हाताने लिहीत आहे. बर्फावरून घसरलो, असे मी गावात सर्वांना सांगितले आहे.

इकडील वृत्त असे. फेब्रुवारीच्या आरंभी डोंगरावरून तो गरम, डोके फिरवणारा हाल्नी वारा सुटला आणि चर्चच्या छपराचे पत्रे पार ओढ्यापर्यंत उडाले. कुत्री घरात येऊन बसली. माणसे एकमेकांवर वसावसा ओरडू लागली. आपल्या जुन्या कोठाराचा दरवाजा निखळला होता, तो मी बसवून घेतला. स्वयंपाकघरातील चूल धुमसते. कोळसा या वर्षी वाईट निघाला.

तुझा निरोप मिळाला. त्यात एकही विरामचिन्ह नव्हते. तो रडत लिहिलेला असणार, म्हणून त्याविषयी काही बोलत नाही. 'तू म्हातारा माणूस लोक तुझं ऐकतात सांग की शिमेकनं आधी कुऱ्हाड उगारली एवढंच सांग माझा एकुलता एक मुलगा आहे.' मी तो पुष्कळदा वाचला. तू फोन केलास की तू रडतेस, मी गप्प राहतो आणि दोघांनाही काही कळत नाही. म्हणून लिहितो. गालिकांची मुलगी उद्या विमानाने तिकडे परतत आहे. रविवारी सकाळी ती हे पत्र तुझ्या हाती देईल. सोमवारी मला नोवी तार्गला सरकारी वकिलापुढे जबानी द्यायची आहे. दुखण्याचे कारण सांगून आतापर्यंत मी ती टाळली. आता टळणार नाही.

तुझ्या येन्द्रेकचा वकील सर्व खापर वाऱ्यावर फोडू पाहतो. 'हाल्नी सुटला की डोंगरातला माणूस स्वतःचा राहत नाही, हे न्यायाधीशांनाही ठाऊक आहे,' असे तो मला म्हणाला. वारा तीन तारखेला, सोमवारी रात्रीच पडला होता. मंगळवारी आभाळ स्वच्छ होते आणि झाडाची फांदीसुद्धा हलत नव्हती.

तू मागे भेटीला येऊन गेलीस तेव्हा येन्द्रेकपाशी एक जुनाट बर्फस्कूटर होती. आता आठ आहेत. क्राकोव्हहून सकाळी बस येते, पाहुण्यांना स्कूटरवर बसवून तो वरच्या धारेवर नेतो आणि दुपारी खालच्या गरम कुंडांत सोडतो. दर मंगळवारी तो मलाही नेतो. त्याच्या स्कूटरमागच्या घसरगाडीत मेंढीचे कातडे पांघरून मी बसतो, पाहुण्यांना डोंगरांची नावे सांगतो आणि मग गुडघे शेकतो. धारेवर त्याची दोन माणसे दरोडेखोरांचा वेष करून झाडांतून उड्या मारतात, कुऱ्हाडी परजतात, बायकांच्या टोप्या पळवतात. पाहुणे टाळ्या वाजवतात. हा प्रकार मला कधीच आवडला नाही. पण पोट त्यावर चालते.

वाट किती जणांच्या जमिनीच्या पट्ट्यांवरून जाते, हे तुला सांगायला नको. पहिल्या बर्फाआधी बाटली घेऊन प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात जायचे, एकाच पेल्यातून दोघांनी प्यायचे आणि शब्द घ्यायचा. आपल्या वडिलांनी याच रीतीने लाकूड उतरवले. येन्द्रेकनेही ही रीत पाळली. केवळ एका ठिकाणी चुकला. म्हातारा कुबिन उन्हाळ्यात वारला आणि पट्टा दोघा मुलांत वाटला गेला. खालचा योझेकला, वरचा शिमेकला. घर एकच, पण मधल्या भिंतीच्या दोन्ही अंगांना चुली वेगळ्या. येन्द्रेक योझेककडे बसला, प्यायला, गायला आणि निघून आला. शिमेक भिंतीपलीकडे बसून सगळे ऐकत होता.

त्या मंगळवारी दरोडेखोरांचे काम करणारी दोन्ही माणसे तापाने पडली होती. येन्द्रेकने पाहुण्यांना ते सांगितले नाही; उलट 'सावध राहा बरं का, वर लुटारू आहेत' असे तो त्यांना हसत म्हणाला. वरच्या पट्ट्याच्या तोंडाशी दोन झाडांमध्ये, छातीच्या उंचीवर, पोलादी तार ताणलेली होती. तिच्या मधोमध शिमेकच्या बायकोचा, हान्काचा लाल रुमाल बांधलेला होता, लांबून दिसावा म्हणून. वकील म्हणतो, रुमाल नव्हता. रुमाल होता, रेगिना. त्यावर गुलाबाची फुले होती.

येन्द्रेकने गाडी थांबवली. शिमेक झाडामागून पुढे आला. हात मोकळे होते.

"उतर. इथून पुढं माझं आहे."

"योझेकबरोबर प्यायलोय की मी. तुमचं घर एकच ना?"

"घर एक, चुली दोन. माझ्या चुलीपाशी आला होतास? भिंतीला कान लावून तुमचं खिदळणं ऐकलं मी. आता फीर मागं."

"शिमेक, माणसं आहेत बरोबर. खाली त्यांची बस उभीय. उद्या येतो ना बाटली घेऊन."

"उद्या ये. आज फीर."

येथवर हे दोन डोंगरी माणसांचे नेहमीचे भांडण होते आणि ते मिटण्याच्या बेतात होते. मी कातड्यात बसून हसतही होतो. पाहुण्यांनी फोन वर धरले होते. मागून एक मुलगी म्हणाली, "हा किती खराखुरा वाटतो नाही? आवाज बघ ना." ते शिमेकने ऐकले. तो पाहुण्यांकडे वळला आणि जे बोलला, ते मी या पत्रात लिहिणार नव्हतो.

"खरं बघायचंय ना तुम्हाला? ह्याची आई शिकागोत परक्यांचे संडास घासते. त्या पैशातनं ह्यानं ही मशिनं घेतली. आणि आता मालक झालाय डोंगराचा."

लोक मोठ्याने हसले. त्यांना ते नाटकातले वाक्य वाटले.

येन्द्रेकने बैठकीखालची कुऱ्हाड काढली. खेळातली असली तरी ती लोखंडाचीच आहे. पात्याच्या उलट्या बाजूने त्याने शिमेकच्या तोंडावर घाव घातला. नाकाचे हाड मोडले, ते मी ऐकले. शिमेक गुडघ्यांवर आला, हात वर केले, आणि दुसरा घाव त्या हातांमधून त्याच्या कपाळावर बसला. मग येन्द्रेकने कुऱ्हाड टाकली, त्याच्या छातीवर बसला आणि मुठींनी मारू लागला. शिमेकचे दात बर्फावर पडले. रक्त माझ्या कातड्यापर्यंत उडाले. लोक टाळ्या वाजवत होते. एकाने शीळ घातली.

येन्द्रेक उठला. पाहुण्यांकडे वळून त्याने टोपी काढली आणि वाकून अभिवादन केले. "लुटारू पकडला, मंडळी. आता तारेखालून वाकून पलीकडं जा आणि उतारानं चालत खाली. झोपडीत चहा तयार आहे." ते गेले. ऊन समोरून होते, त्यामुळे त्यांच्या फोनांत दोन काळ्या आकृती आणि टाळ्यांचा आवाज, एवढेच आहे. यापुढचे पाहणारा मी एकटा.

त्याने घसरगाडी सोडली. तार झाडांवरून काढली, शिमेकच्या दोन्ही मनगटांभोवती गुंडाळली आणि स्कूटरच्या मागच्या आकड्यात अडकवली. "तुझं कुठून कुठपर्यंत आहे, ते दाखव मला," असे म्हणून तो निघाला. हद्दीच्या दगडापर्यंत गेला, तेथून वळला आणि परत आला. शिमेक आरंभी ओरडत होता. परत येताना त्याचा आवाज नव्हता. त्याच्यामागे बर्फावर लाल पट्टा उमटत आला होता. सदरा गळ्यापर्यंत वर गेला होता आणि पाठीचे कातडे जागोजागी सोलून निघाले होते. येन्द्रेक पुन्हा वळण्यासाठी गाडी फिरवू लागला.

मी उतरलो, शिमेकपाशी बसलो आणि तार सोडवू लागलो. ती मांसात रुतली होती, त्यामुळे बोटांना टोक सापडेना. येन्द्रेक आला. तो म्हणाला, "मामा, जागेवर जाऊन बस." मी म्हणालो, "तू आधी त्याला सोड." कुऱ्हाड त्याने पुन्हा हातात घेतली होती. तिचा दांडा त्याने माझ्या उजव्या मनगटावर मारला. एकदा नव्हे, दोनदा. दुसऱ्या वेळी हाड मोडले.

तर मी बर्फावरून घसरलेलो नाही.

त्यानंतर तो शांत झाला. त्याने स्वतः तार सोडवली, रुमाल खिशात घातला आणि कुऱ्हाड शिमेकच्या पंज्यात ठेवून त्याची बोटे तिच्यावर एकेक करून मिटवली. मला उचलून घसरगाडीत बसवले आणि कातडे माझ्या हनुवटीपर्यंत ओढले. "थंडी वाजेल," तो म्हणाला. शिमेकला आम्ही तेथेच टाकून आलो.

कुंडांवर बस होती, म्हणून आम्ही कुंडांवर गेलो. दारातच एका परक्या बाईचा फोन मागून घेऊन मी योझेकला सांगितले, "वरच्या पट्ट्यावर जा, घोडा जोडून जा." एवढे बोलून मी फोन ठेवला. योझेक वेळेत पोहोचला. कपडे बदलण्याच्या खोलीत येन्द्रेकने माझ्या बुटांचे बंद सोडले आणि मला लहान मुलासारखे उतरवून पाण्यात बसवले. वाफेत सगळे पाहुणे हसत होते. तो माझ्याशेजारी बसला. त्याच्या मुठी सोलवटल्या होत्या, त्यांच्याभोवती पाणी गुलाबी होई आणि विरून जाई. त्या हातांना अक्षरे मी शिकवली. तू गेलीस तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि माझ्या टेबलाखालून बाहेर येत नव्हता, हे तुला सांगायची गरज नाही.

"मामा, हात पाण्याबाहेर धर, सूज वाढेल."

मी हात कुंडाच्या काठावर टेकवला.

"त्याच्या हातात कुऱ्हाड होती. तू बघितलीस ना?"

"तू ठेवलीस."

"म्हणजे होतीच की."

पलीकडची एक म्हातारी विचारू लागली, "हाताला काय झालं हो, आजोबा?" येन्द्रेक म्हणाला, "घसरले." मी मान डोलावली. मग तो माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "आईला काही कळवू नकोस. तिला सोसणार नाही."

शिमेक जिवंत आहे. दोन्ही हातांची बोटे कापावी लागली. एका हाताचा अंगठा तेवढा राहिला. डोळे उघडतो, पण बोलत नाही आणि हान्काला ओळखत नाही. डॉक्टर पुढचे काही सांगत नाहीत.

परवा, बुधवारी हान्का आली. तिला मी पाचवी ते आठवी शिकवले. मी खुर्ची पुढे केली, पण ती बसली नाही.

"मास्तर, मागायला काही आले नाही. वर्गात तुम्ही आम्हाला उभं करून विचारायचात, तसं आज मी विचारते. माझा रुमाल तारेवर होता की नव्हता? अख्खा गाव म्हणतोय, शिमेकनं मान कापायला तार लावली होती."

"होता," मी म्हणालो.

"मग झालं." ती गेली. अंगणातून जाताना ती आपल्या घराकडे पाहत नव्हती आणि येन्द्रेकच्या घराकडेही पाहत नव्हती.

रेगिना, तुझ्या मुलाने ते वाक्य ऐकून मारले. तुझ्यासाठी मारले, असे तू स्वतःला सांगशील. पहिला घाव कदाचित तुझ्यासाठी असेल. हद्दीच्या दगडापर्यंत जाऊन तेथून वळताना त्याच्या मनात तू नव्हतीस. मी त्याचा चेहरा पाहिला. सोमवारी मी सगळे सांगणार आहे. आपल्या घरातला माणूस आपण कधी कोर्टाच्या हाती दिलेला नाही, हे मला माहीत आहे. गावात त्यानंतर माझ्याशी कोण बोलेल, हेही मला माहीत आहे.

काल मी त्याच्याकडे गेलो. तो स्कूटरचा पट्टा बदलत होता.

"सोमवारी मला नोवी तार्गला तू घेऊन चल," मी म्हणालो.

"बस आहे की."

"तूच चल."

हात पुसत तो हसला. "भारीच आहेस, मामा. मला आत टाकायला निघालास आणि गाडीही मीच चालवायची?"

"आत गेल्यावर तू आधी बोलावंस म्हणून. तू स्वतः सांगितलंस तर न्यायाधीश वेगळ्या नजरेनं बघतील. मी तुझ्या मागून आत जाईन आणि हो म्हणेन. एवढंच."

"आणि नाही बोललो तर?"

"तर मी आधी जाईन."

त्याने पाना उचलला आणि पुन्हा पट्ट्याकडे वळला. नट आवळता आवळता त्याने विचारले, "लई दुखतो का रे हात?" मी म्हणालो, "दुखतो." येतो म्हणाला नाही आणि येणार नाही असेही म्हणाला नाही.

तुला रविवारचा दिवस मिळतो, तो यासाठी. मला फोन करू नकोस. तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे, आणि ते ऐकूनही मी सोमवारी जाईनच. त्याला फोन कर. रडू नकोस, कुऱ्हाडीविषयी विचारू नकोस, शिमेक काय म्हणाला तेही काढू नकोस. मामाच्या आधी बोल, एवढेच त्याला सांग. तुझे नाव घेतले की तो अजून मान खाली घालतो. ते मी गेल्या आठवड्यातही पाहिले.

तो तुरुंगात गेला तर भेटीच्या प्रत्येक दिवशी मी जाईन. बरगड्या घालून केलेले आंबट कोबीचे सार तेथे नेऊ देतात की नाही, याची चौकशी करून ठेवली आहे. नेऊ देतात, पण काचेच्या बरणीत नाही.

सोमवारनंतर मला भाऊ म्हणायचे की नाही, हे तू ठरव. माझ्या बाजूने त्यात काही बदल होणार नाही.

तुझा मोठा भाऊ,
लुद्विक